फिल्टरला हात लावू नका

४ मार्च, सोमवार

ड्यूटी संपताना रिपोर्ट लिहायचा, ही हाताची सवय. निवृत्त झाले म्हणून ती थोडीच जाते! संध्याकाळ झाली की हात शिवशिवतात. म्हणून ही वही. वॉर्डात पेशंट कोणी नाही, तर आपलाच रिपोर्ट लिहू: पेशंट बेचैन. एका जागी बसत नाही. विचारलं तर म्हणते, मला काही झालेलं नाही.

आज खिडक्यांच्या काचा पुसल्या. परवाच पुसल्या होत्या.

घरात आम्ही दोघीच, मी आणि सून. चिरंजीवांना घर सोडून दीड वर्ष होत आलं. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या बाईबरोबर मजेत आहेत. जाताना बायकोला आईजवळ ठेवून गेले, एखाद्याने छत्री विसरावी तसे. आता दर रविवारी फोन करतात, "आई, तू इकडे ये, ते घर विकून टाकू." मी "बघू" म्हणते. मुलगा आहे, फोन आपटता येत नाही.

सुनेने मागच्या गॅरेजात मासे पाळलेत. शोभेचे नव्हेत, खायचे. एक मोठी टाकी, तिच्याशेजारी निळं पिंप, त्यात फिल्टर. आणि भिंतीला लावलेल्या लांबलचक पन्हळींत सॅलडची पानं. माती नावाला नाही. माशांचं पाणी पिंपातून पानांकडे जातं, पानांकडून परत माशांकडे येतं, दिवसरात्र गुळगुळ चालू. कोपऱ्यावरच्या हॉटेलचा शेफ पंधरा तारखेला बघायला येणार आहे. त्याने दर आठवड्याला पानं घ्यायचं कबूल केलं तर तिचा धंदा उभा राहील. नाही केलं तर ती इथे कशाला राहील? नवरा नाही, मूल नाही, आणि सासूचं तोंड बघत कोण बसतं?

हे तिला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

७ मार्च, गुरुवार

आज पुन्हा म्हटलं, "अगं, त्या पिंपातले स्पंज बघवत नाहीत मला. नुसता तपकिरी गिचका झालाय. धुऊन देऊ का?"

"नको आई. सगळी करामत त्या गिचक्याचीच आहे."

मग स्टूल ओढून तिने मला शिकवलं. मासे खातात, घाण करतात, त्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. तो वाढला की मासे गेलेच. पण स्पंजात जंतू असतात. त्यांची एक जात अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषच. मग दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, आणि ते पानांना खत म्हणून चालतं.

"म्हणजे जंतूंच्या भरवशावर धंदा मांडलायस?"

"अख्खी दुनियाच त्यांच्या भरवशावर आहे. आत्ता तुम्ही श्वास घेतलात ना, त्यात तीन हिश्शांहून जास्त नायट्रोजन होता."

"चारांत?"

"चारांत. आला तसा बाहेर गेला. आपल्या रक्तामांसाला तो हवाच असतो, पण हवेतला घेता येत नाही. माशाला नाही, झाडालाही नाही. वीज कडाडली की थोडा खाली उतरतो, खताचे कारखाने थोडा ओढतात, आणि बाकीचा ओढून आणतात ते जंतूच. वाटाण्याच्या मुळांना गाठी असतात, तिथे बसून. मग तो पानात जातो, पान खाणाऱ्यात जातो. मेलं, कुजलं की परत मातीत."

"आणि हवेत परत कधीच जात नाही?"

तिने पिंपाच्या मागची बादली दाखवली. तिच्या तळाशी चिखल होता. "हवा पोचत नाही तिथलेही जंतू असतात. ते नायट्रेट फोडून त्याला परत हवेत सोडतात. ते बघा." बघितलं तर खरंच, चिखलातून एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. उभा जन्म जंतू मारण्यात गेला माझा. हॉस्पिटलात मला फिनेलबाई म्हणायचे, पाठीमागे आणि नंतर नंतर तोंडावरही. पण ती एवढं सलग बोलली, याचंच मला अप्रूप वाटलं. मी आणखी काहीतरी विचारणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, "आई, तुमचं तिकडे जायचं काय ठरलं?"

माझा चेहरा पडला असणार. म्हटलं, "बघू." ती उठून माशांना खाणं टाकायला गेली. म्हणजे बाईसाहेबांना माझ्या जाण्याची घाई आहे.

९ मार्च, शनिवार

ऐकायचं नव्हतं, पण भिंती पातळ आहेत. ती भावाशी फोनवर बोलत होती. "नाही दादा, इतक्यात नाही सांगता येणार. इथलं काय होतंय ते कळू दे आधी." भावाने तिच्यासाठी तिकडे नोकरी बघून ठेवली आहे, हे मला ठाऊक आहे.

इथलं म्हणजे शेफचं. दुसरं काय असणार?

सगळे पडदे काढून भिजत घातले.

१२ मार्च, मंगळवार

ती काल भावाकडे गेली, उद्या येईल. जाताना म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं टाका. बाकी कशाला हात लावू नका." लहान मुलीला बजावतात तसं.

सकाळी खाणं टाकलं. मग शेफच्या डोळ्यांनी गॅरेज बघितलं. पन्हळी चकचकीत, पानं हिरवीगार, आणि मध्येच तो पिंपातला गिचका. मी शेफ असते तर नाक दाबून उलट्या पावली परतले असते. माणूस खाण्याची वस्तू विकत घ्यायला येणार, आणि त्याला हे दाखवायचं?

सगळे स्पंज काढले. काय ते पाणी निघालं, अगं बाई! ब्लीचमध्ये बुडवून ठेवले, मग नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत खळखळून धुतले. पिंपही आतून घासलं. तिची जंतूंची गोष्ट लक्षात होती, नव्हती असं नाही. पण जंतू काय, येतील परत. एवढी वर्षं मारतेय मी त्यांना, कधी संपले का मेले?

आता स्पंज नव्यासारखे दिसतायत. आल्यावर बघून चकित होईल. फार दिवसांनी मला गाढ झोप लागणार असं वाटतंय.

१४ मार्च, गुरुवार

काय लिहू?

काल दुपारी ती आली, बॅग दारातच ठेवून गॅरेजात गेली. मी मागोमाग. मासे वरती येऊन तोंडं उघडीत होते. मी म्हटलं, "बघ, भूक लागलीये त्यांना." तिने पिंपाचं झाकण उघडलं, आणि तशीच वाकून उभी राहिली. किती वेळ!

मग म्हणाली, "धुतलेत?"

"हो. जरासे."

"कशाने?"

"नुसत्या पाण्याने."

तोंडातून निघून गेलं. ऑपरेशन थिएटरात मी एका खोट्यापायी पोरींना रडवलेलं आहे.

तिने काचेच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, गडद हिरवं झालं. तो अमोनिया. आज सकाळी टाकीत मेलेले मासे तरंगत होते. कल्ले लालभडक. तिने ते जाळीने एकेक काढले, मी बादली धरली. खाणं बंद केलं. क्लोरीन उडून जावा म्हणून दुसऱ्या पिंपांत भरून ठेवलेलं शिळं पाणी टाकीत ओतायचं, टाकीतलं तेवढंच काढायचं, हे दिवसभर चाललं. कंबर मोडली. ती एका शब्दानेही बोलली नाही मला.

शेफला फोन करून तिने एप्रिलच्या सुरुवातीची वेळ मागितली. आवाज अगदी गोड. ठेवल्यावर बराच वेळ फोनकडे बघत बसली.

१६ मार्च, शनिवार

आणखी मेले. विचारलं, "किती दिवस लागतील?"

"जंतू नव्याने रुजायला महिना, दीड महिना."

"तोवर मासे?"

तिने खांदे उडवले. जेवलीही नाही धड. मी तिच्या खोलीतली गादी उन्हात टाकली, उशा झटकल्या, कपाटाचे कप्पे पुसले. काहीतरी करायला नको का माणसाने?

१८ मार्च, सोमवार

आज मी घाण मागायला गेले होते.

झालं असं की सकाळी ती स्वतःशीच पुटपुटली, "कोणाकडे चालू फिल्टरातला जुना स्पंज मिळाला असता तर... विरजण लावल्यासारखं झालं असतं." मी कपडे बदलले आणि तडक निघाले. न सांगताच.

आमच्या हॉस्पिटलच्या लॉबीत माशांची मोठी टाकी आहे. ती बंद करा, जंतुसंसर्गाचं घर आहे, म्हणून मी तीनदा अर्ज दिला होता. टाकीवाला तोच आहे अजून. म्हाताराच झालाय. मला बघून शिडीवरून उतरला.

"फिनेलबाई! आता काय, चौथा अर्ज?"

"नाही हो. तुमच्या फिल्टरातली घाण हवीये मला."

"काय हवंय?"

"घाण. जेवढी असेल तेवढी."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. रिसेप्शनवरची मुलगी पाणी घेऊन धावली. मी आपली उभी, पर्स छातीशी धरून. शेवटी खरं काय ते सांगितलं, ब्लीचसकट. कसं कोण जाणे, परक्या माणसाला सांगता आलं. तो हसायचा थांबला. म्हणाला, "बसा बाई." आतून एक काळाकुट्ट स्पंज काढून आणला, टाकीच्याच पाण्यात बुडवून बादलीत दिला.

"सुकू देऊ नका. आणि नळाखाली..."

"ते नका सांगू मला!"

टॅक्सीवाला म्हणाला, "मावशी, कसला वास येतोय?" मी म्हटलं, "औषध आहे." बादली पूर्ण वेळ मांडीवर धरली, खड्डा आला की झाकण दाबून.

सुनेने बादलीत बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे कुठून आणलंत?" तिचा आवाज बदलला होता. मी सांगितलं. तिने तो स्पंज आमच्या पिंपात पिळला, तपकिरी लोट पाण्यात पसरले, आणि खरं सांगते, ते बघून मला हायसं वाटलं. मला!

१९ मार्च, मंगळवार

काही फरक नाही. चार वेळा जाऊन बघितलं. पाचव्यांदा जाताना तिने गॅरेजचं दार आतून लावून घेतलं होतं.

२४ मार्च, रविवार

अमोनिया उतरला! नळीतलं पाणी जवळजवळ पिवळं. मी टाळ्याच वाजवल्या. ती म्हणाली, "थांबा," आणि दुसऱ्या नळीत दुसरे थेंब टाकले. जांभळं.

"हे नायट्राइट. पहिली जात कामाला लागली, दुसरी अजून नाही. हे रक्तात गेलं की श्वास घेऊनही उपयोग नाही, रक्त प्राणवायू धरत नाही."

हे मला समजलं. असे पेशंट बघितलेत मी, निळे पडलेले. "मग आता?"

"मीठ. अगदी थोडं. मिठामुळे नायट्राइट कल्ल्यातून आत शिरत नाही. जास्त झालं तर पानं जळतील."

दोघी बादलीत मीठ विरघळवत बसलो. खाली बघत होते म्हणूनच बोलू शकले. "अगं, मी ते नुसत्या पाण्याने नव्हते धुतले. ब्लीच घातलं होतं."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"आल्या आल्या वास आला होता."

"मग बोलली का नाहीस मला?"

"बोलून काय झालं असतं? नीट ढवळा, खडे राहतायत."

यापेक्षा तिने बादली फेकून मारली असती तरी चाललं असतं. वॉर्डात पोरींचं चुकलं की मी आकाशपाताळ एक करायची. जी चार दिवसांत सोडून जाणार हे दिसायचं, तिला मात्र काही बोलायची नाही. कशाला घसा कोरडा करा? आज कळलं, जिला बोलणी मिळाली नाहीत त्या पोरीला काय वाटत असेल.

दुपारी चिरंजीवांचा फोन. "आई, ठरव ना काहीतरी." मी म्हटलं, "या आठवड्यात सांगते." वळले तर सून दारात उभी होती. लगेच आत गेली.

३० मार्च, शनिवार

जांभळा रंग फिका होत चाललाय. गेले काही दिवस एकही मासा मेला नाही. चिमूटभर खाणं सुरू केलं.

ती संध्याकाळी गॅरेजात नुसती बसते. हातात काही नाही, फोनसुद्धा नाही. आज मीही दुसरं स्टूल घेऊन शेजारी बसले. समोर एक पन्हळ जरा तिरकी दिसत होती. कोपऱ्यात जळमट होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. तिने ते बघितलं आणि पहिल्यांदाच जराशी हसली. मग पुन्हा तेच विचारलं, "तिकडे जायचं काय सांगणार आहात?"

"काय सांगायचं ते सांगेन," मी म्हटलं. एवढी घाई कसली हिला?

२ एप्रिल, मंगळवार

दोन्ही नळ्या आज जशा हव्यात तशा. एक पिवळी, एक आकाशी.

शेफ आला. धिप्पाड माणूस, पण पान तोडताना बोटं अगदी हलकी. चावून बघितलं. काही पानं पिवळट होती, ती बाजूला केली. मग पिंपाचं झाकण स्वतः उघडलं. आत पुन्हा तपकिरी व्हायला लागलं होतं सगळं. तो म्हणाला, "वा! जिवंत आहे." पुढच्या आठवड्यापासून पानं घेणार. महिनाभर बघतो, मग वाढवू म्हणाला.

सून त्याला फाटकापर्यंत सोडून आली आणि थेट तिच्या खोलीत गेली. रडण्याचा आवाज आला. दार वाजवायला हात उचलला होता, तो खाली घेतला.

आता तिचं मार्गी लागलं. माझ्याशिवायच लागलं, खरं तर माझ्या तावडीतून सुटून लागलं. मी इथे राहिले तर उद्या आणखी काहीतरी धुऊन काढेन. माझा काही भरवसा नाही. घर विकायचं नाही असं मुलाला बजावेन, ते तिच्याकडे राहू दे. मी जाते.

चिरंजीवांना फोन केला. म्हणाले, शनिवारी गाडी घेऊन येतो. फार खूश झाले. मला काहीच वाटलं नाही. मग न्हाणीघराच्या फरशा घासल्या.

६ एप्रिल, शनिवार

तो सकाळीच आला. वजन वाढलंय. गॅरेजाच्या दारातून डोकावून म्हणाला, "शी, कसला वास हा! आई, बॅग कुठाय?" बॅग मी भरून ठेवलीच होती. ती उचलून बाहेर आणली. सुनेला काल सांगायचं होतं, जमलं नव्हतं. आज तिच्या हातात माशांची जाळी होती, तशीच ती बाहेर आली.

"हे काय?" तिने विचारलं.

"म्हटलं, तुझं आता बस्तान बसलं. मी जरा..."

"कोणाला विचारून?"

"अगं, मी राहिले की तुझं नुकसानच..."

आणि मग बाईसाहेब सुटल्या. अरे बापरे! दीड वर्षाचं साठलेलं सगळं एकदम बाहेर. "नुकसान? आज कळलं का नुकसान? माझे अर्धे मासे मारलेत तुम्ही! ब्लीच! ब्लीच घालतं का कोणी फिल्टरला? वर खोटं बोललात! माझ्या खोलीत शिरता, माझी गादी उन्हात टाकता, माझ्या कपाटात मला माझी वस्तू सापडत नाही! जीभ चावून गप्प बसले मी. का, माहितीये? तुम्हाला एक शब्द बोलले आणि तुम्ही रुसून याच्याकडे निघून गेलात तर, या भीतीने! रोज विचारते, काय ठरलं, काय ठरलं. एक दिवस धड उत्तर दिलंत? दादा नोकरी घेऊन बसलाय, त्याला थांबवून ठेवलंय, की आधी आईंचं कळू दे. तुम्ही गेल्यावर मी काय या माशांशी गप्पा मारू? शेफ हो म्हणाला तेव्हा खोलीत रडत होते मी. तुम्ही दारापर्यंत आलात, आणि परत गेलात! एरवी न विचारता शिरता, आणि त्या दिवशीच बरी तुम्हाला रीत सुचली!"

जाळीतलं पाणी तिच्या पायांवर गळत होतं. आवाज इतका चढला होता की समोरच्या घराची खिडकी उघडली. चिरंजीव मध्ये पडायला गेले, "हे बघ, ती माझी आई आहे, तू असं..."

"तू गप्प बस!" ती म्हणाली, आणि परत माझ्याकडे वळली. "आणि ती बॅग आधी खाली ठेवा!"

मी ठेवली. रडू येत होतं, हसूही येत होतं, आणि इतकं बरं वाटत होतं मला की काय सांगू. आयुष्यात एवढी बोलणी मी कोणाची खाल्ली नव्हती.

चिरंजीवांनी घड्याळात बघितलं. "आई, तू येतेस की नाही, ते एकदा सांग."

मी म्हटलं, "थांब रे, आधी तिचं बोलून होऊ दे."